साहसकथा लिहू पाहणाऱ्यास पत्र

प्रिय चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची पहिली प्रकरणे वाचली. कथेला वेग आहे. पण ॲमेझॉनचे अरण्य तू केवळ पडद्यावर पाहिले आहेस, हे पानोपानी जाणवते. म्हणून जेम्स फेनिमोर कूपर या अमेरिकी कादंबरीकाराविषयी लिहीत आहे.

न्यूयॉर्क राज्यातील ऑट्सेगो सरोवराकाठी, वडिलांनी वसवलेल्या गावात तो वाढला. येल महाविद्यालयाने काढून टाकल्यावर १८०६ साली तो व्यापारी जहाजावर साधा खलाशी म्हणून गेला आणि पुढे अमेरिकी नौदलात शिरला. एवढी शिदोरी गाठीशी असताना १८२० साली त्याने पहिली कादंबरी लिहिली, ती मात्र इंग्लंडमधील घरंदाज कुटुंबांच्या सोयरिकींवर. ती फारशी चालली नाही. पुढच्याच वर्षी, तो स्वतः राहत होता त्या वेस्टचेस्टर परगण्यात घडणारी, स्वातंत्र्ययुद्धातील हेराची कथा त्याने लिहिली आणि त्याचे नाव झाले. त्यानंतर 'द पायोनियर्स'मध्ये तो बालपणीच्या सरोवराकडे वळला. नॅटी बम्पो हा शिकारी तिथेच प्रथम भेटतो.

'द पायलट' तू अवश्य वाच. वादळी रात्री उथळ पाण्यातून जहाज बाहेर काढण्याचा त्यातला प्रसंग पाहा: पाण्यात शिसे सोडून खोली मोजणारा खलाशी हाका देत राहतो आणि त्या वावांच्या आकड्यांवर सगळ्या जहाजाचा जीव टांगलेला असतो. डेकवर काम केलेल्या माणसालाच असे लिहिणे सुचते. बंदरात वाढलेल्या तुला हे मी अधिक काय सांगावे!

'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' (१८२६) इतकी दूरवर पोहोचली, की १८२८ साली व्हिएन्नात अखेरच्या आजारात अन्नही न पचणाऱ्या संगीतकार शूबर्टने, कूपरची चार पुस्तके वाचून झाली आहेत, आणखी असल्यास पाठव, असे मित्राला पत्राने कळवले. तरीही माझ्या मते कूपरची मोठी उणीव याच पुस्तकात दिसते. मूलनिवासींविषयीची त्याची माहिती मुख्यतः एका मिशनऱ्याच्या ग्रंथांतून आलेली होती. त्यामुळे त्याची पात्रे एकतर अतिउदात्त किंवा निव्वळ क्रूर होतात. ज्या मोहिकनांचा शेवट त्याने रंगवला, त्यांचे वंशज आजही विस्कॉन्सिनमध्ये नांदत आहेत.

तुझ्या कथेतील आदिवासी वाटाड्याला तर अजून नावही नाही. कथा तुझ्या किनाऱ्यावर आण, आणि वाटाड्या ठेवणार असशील तर तो कोणाचा कोण, कशावर पोट भरतो आणि कोणावर रागावतो, हे पुढचे प्रकरण लिहिण्याआधी मला कळव.

तुझा शुभचिंतक