अँटीव्हायरस चालू असताना थंडरबर्डमध्ये मेल अडकतो आणि एकदा अख्खा इनबॉक्स गायब झाला. अँटीव्हायरस बंद न करता काय करू?

अँटीव्हायरस बंद करायची अजिबात गरज नाही. त्याने मेल कुठे तपासायचा, तेवढं बदला.

पॉप खातं (मेल सर्व्हरवरून उतरवून तुमच्या संगणकावर साठवणारं) असेल तर थंडरबर्ड त्या खात्याचे आलेले सगळे मेल ‘इनबॉक्स’ नावाच्या एकाच फाइलमध्ये एकाखाली एक लिहीत जातो. त्यातल्या एका मेलमध्ये व्हायरस सापडला, की अँटीव्हायरस ती पूर्ण फाइलच क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइली अलग ठेवण्याच्या जागेत, टाकू शकतो. तुमचे मेल बहुधा अजून तिथेच पडून असतील, म्हणून क्वारंटाइन रिकामं करू नका.

आधी थंडरबर्डमध्ये हेल्प, ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन इथून प्रोफाइल फोल्डर (थंडरबर्ड तुमचे मेल आणि सेटिंग्ज ठेवतो तो) उघडा आणि थंडरबर्ड बंद करा. प्रोफाइलमधले ‘मेल’ आणि ‘आयमॅपमेल’ हे दोनच फोल्डर अँटीव्हायरसच्या एक्सक्लूजन यादीत (जे तपासायचं नाही त्याची यादी) घाला. विंडोज डिफेंडर असेल तर ही यादी व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या मॅनेज सेटिंग्जमध्ये, खालच्या बाजूला सापडते. आता ‘मेल’मध्ये खात्याच्या फोल्डरात जा. दरम्यान नवी इनबॉक्स फाइल तयार झाली असेल तर तिला ‘नवा’ असं नाव द्या, नाहीतर जुनी फाइल परत येताना दोन्हींची टक्कर होईल. मग क्वारंटाइनमधून जुनी फाइल रिस्टोअर करा, शेजारची इनबॉक्स डॉट एमएसएफ ही फाइल खोडा (ती फक्त सूची आहे, पुन्हा बनते) आणि थंडरबर्ड उघडा. ज्या मेलवरून हे घडलं तो न उघडता डिलीट करा, ट्रॅश रिकामा करा आणि इनबॉक्सवर राइट क्लिक करून कॉम्पॅक्ट करा. कॉम्पॅक्ट केल्याशिवाय खोडलेला मेल फाइलमधून खरोखर जात नाही. बरेच जण इथेच चुकतात.

‘मग नवे मेल कोण तपासणार?’ थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली अँटीव्हायरस असा भाग आहे, तिथला एकुलता एक चौकोन टिक करा. पॉपचा प्रत्येक नवा मेल आधी टेम्प (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलमध्ये उतरतो, तिथे तपासला जातो आणि मगच इनबॉक्समध्ये जातो. अटॅचमेंट उघडतानाही ती टेम्पमध्येच येते. म्हणून टेम्प आणि डाउनलोड्स हे फोल्डर चुकूनही एक्सक्लूजनमध्ये घालू नका. पासवर्डवाली झिप मात्र उघडेपर्यंत कुणालाच तपासता येत नाही.

मेल अडकण्याचं कारण बहुतेक वेळा अँटीव्हायरसची ‘मेल शील्ड’ (येणारे-जाणारे मेल तपासणारा भाग) असते. ९९५, ९९३, ४६५ या पोर्टवरचं एन्क्रिप्टेड कनेक्शन ती मध्येच उघडते आणि सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटऐवजी स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करते. त्या सर्टिफिकेटवर थंडरबर्डचा विश्वास नसेल तर तो अडतो, किंवा मोठी अटॅचमेंट तपासून होईपर्यंत टाइमआउट होतो. शील्डमधलं फक्त एसएसएल स्कॅनिंग (एन्क्रिप्टेड कनेक्शन उघडून तपासणं) बंद करा, रिअल-टाइम प्रोटेक्शन चालूच ठेवा. डिफेंडर असं मध्ये पडत नाही, त्यामुळे तो वापरत असाल तर हा भाग सोडून द्या.

सर्टिफिकेटची चूक दिसली तर एक्सेप्शन (तरीही पुढे जाण्याची परवानगी) देण्याआधी ‘व्ह्यू’ दाबून ते कुणी दिलंय ते वाचा. तिथे तुमच्या अँटीव्हायरसचं नाव असेल तर कारण हेच. भलतंच नाव असेल तर एक्सेप्शन देऊ नका आणि तेव्हा जोडलेल्या वायफायवर मेल उघडू नका.