ब्रिटननं साम्राज्य सांभाळलं कसं?

प्रश्न: ब्रिटन एवढासा देश, मग जगभरचं साम्राज्य नुसत्या नेव्हीवर टिकवलं का?

उत्तर: नेव्ही होतीच, १८८९ ला ठरवलंच होतं की ब्रिटनखालोखालच्या दोन सर्वांत मोठ्या नेव्ही मिळून जेवढ्या तेवढी तरी आपली हवीच. पण माझ्या मते खरी हुशारी नंतरची, जर्मनी जहाजं बांधायला लागला, खर्च वाढला, मग १९०२ ला जपानशी करार, १९०४ ला फ्रान्सशी जुने वाद मिटवले, १९०७ ला रशियाशी पण, आणि १८८९ ला धास्ती होती ती याच फ्रान्स आणि रशियाची! रशियाशी बोलणी इराण, अफगाणिस्तान, तिबेटवर, म्हणजे काळजी हिंदुस्थानची. आणि हिंदुस्थानातल्या फौजेचा खर्च आपल्याच लोकांच्या करातून, हे इंग्रजांचं कौतुक करताना अजिबात विसरू नका.