‘ओल्ड मॅन रिव्हर’ ते ‘गंगा बहती हो क्यों’

प्रश्न : भूपेन हजारिकांचं ‘गंगा बहती हो क्यों’ मी लहानपणापासून ऐकतो. ते एका अमेरिकी नाटकातल्या गाण्यावरून घेतलंय, असं मित्र म्हणतो. खरं का? आणि मूळ गाणं कोणाच्या आवाजात ऐकावं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : मित्राचं बरोबर आहे, पण ‘घेतलंय’ हा शब्द मला पटत नाही. मूळ गाणं ‘ओल्ड मॅन रिव्हर’. संगीत जेरोम कर्नचं, शब्द ऑस्कर हॅमरस्टाइनचे, नाटक ‘शो बोट’. ते न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलं २७ डिसेंबर १९२७ रोजी. मिसिसिपी नदीच्या धक्क्यावरचा जो नावाचा काळा हमाल हे गातो. आम्ही राबतो, घाम गाळतो. नदी काही बोलत नाही, नुसती वाहते.

घरात पेटी असेल तर मंद्रातले (खालच्या सप्तकातले) प प ध आणि मग सा वाजवून पाहा. हीच गाण्याची सुरुवात. आता तेच सूर उलटे वाजवा : सा ध प प. नाटकातल्या ‘कॉटन ब्लॉसम’ बोटीचं नाव याच सुरांवर गायलंय. करमणुकीची बोट आणि हमालाचं गाऱ्हाणं, दोन्ही त्याच चार सुरांत! मुखडा बहुतेक भूप रागाच्या पाच सुरांत फिरतो, म्हणून आपल्या कानाला तो लगेच ओळखीचा वाटतो.

ध्वनिमुद्रणं ढिगाने आहेत. जानेवारी १९२८ मध्ये पॉल व्हाइटमनच्या वाद्यवृंदाबरोबर बिंग क्रॉस्बी गायला, नाचाच्या उडत्या लयीत. मार्चमध्ये त्याच वाद्यवृंदाबरोबर काळा अमेरिकी गायक पॉल रोबसन गायला आणि गाण्याला वजन आलं. जोची भूमिका लिहिली होती ती त्याचाच आवाज मनात धरून. माझ्याकडे त्याची एक ७८ची तबकडी आहे, चोरबाजारात मिळालेली. कडेचा टवका उडालाय, सुरुवातीला नुसती खरखर. मग तो खर्ज येतो, आणि दर वेळी मी हातातलं काम खाली ठेवतो. गायक फ्रँक सिनात्राने १९४६च्या एका चित्रपटात पांढऱ्या सुटात हे गायलं. सुरेल आहे, पण त्या खांद्यावर कधी ओझं होतं असं वाटत नाही.

रोबसनचं मोठेपण केवळ आवाजात नाही. पहिल्या प्रयोगात काळ्यांसाठी वापरलेला हीन शब्द त्याने नंतर गाळला. मूळ ओळीत ‘जगण्याला कंटाळलोय, मरणाला भितो’ होतं. मैफलींत तो ‘मरेपर्यंत झगडत राहीन’ असं गाऊ लागला. १९५० ते १९५८ अमेरिकी सरकारने त्याला पासपोर्ट दिला नाही. १९६० मध्ये सिडनीचं ऑपेरा हाऊस अजून बांधलं जात होतं, तेव्हा तिथल्या कामगारांसमोर त्याने हेच गाणं म्हटलं.

भूपेनदा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना त्यांना रोबसन भेटला. त्यातून आधी असमियात ‘बिस्तीर्ण पारोरे’ आलं. हिंदी शब्द पंडित नरेंद्र शर्मांचे. नाटकातला हमाल जो नदीचं मौन नुसतं सांगतो. भूपेनदा मात्र नदीलाच जाब विचारतात : इतकं दुःख काठावर असताना तू वाहतेस कशाला? हा प्रश्न मूळ गाण्यात नाही. तो त्यांचा आहे.

तुम्ही आधी क्रॉस्बी ऐका, मग रोबसनचं १९२८चं, मग त्याच्या मैफलीतलं एखादं आणि शेवटी भूपेनदा. एकाच बैठकीत, याच क्रमाने.