घरापासून साडेतीनशे मीटरवर पवनचक्की : दावा नागपुरात होईल का?

प्रश्न : माझं सासर नागपूरला, नंदनवनात. माहेर धाराशिव जिल्ह्यात वाशी तालुक्यात आहे आणि आई-अण्णा शेतातल्या वस्तीवर राहतात. दीड वर्षापूर्वी शेजारच्या रानात पवनचक्की सुरू झाली. घरापासून ती साडेतीनशे मीटर असेल. रात्रभर घरघर चालते, आईला झोप नाही, चक्कर येते, बीपीची गोळी वाढली. महिनाभर माझ्याकडे राहिली तेव्हा व्यवस्थित झोपायची. कंपनीच्या रस्त्यासाठी अण्णांनी पैसे घेऊन बाँडपेपरवर सही केली आहे, त्यात 'पुढे कोणतीही हरकत घेणार नाही' असं वाक्य आहे. ऐकू न येणाऱ्या लहरींनी हृदय बिघडतं असंही गावात म्हणतात. नागपूर खंडपीठात केस करून ही पवनचक्की बंद करता येईल का? भरपाई मिळेल का?

उत्तर : ताई, नागपूरचं आधी मिटवू. तुम्ही इथे राहता म्हणून सिव्हिल लाइन्समधल्या खंडपीठात हे प्रकरण येणार नाही. नागपूर खंडपीठाकडे विदर्भाचे ११ जिल्हे आहेत. धाराशिव छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे जातं. पण तुम्हाला मुळात हायकोर्टात जायचंच नाही. आवाजाचे नियम पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केलेले आहेत, म्हणून हा विषय राष्ट्रीय हरित लवादाचा. महाराष्ट्रासाठी त्याचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. लवादाच्या कायद्याचं कलम १८ अधिकृत प्रतिनिधीमार्फत अर्ज करू देतं. अर्जदार आई-अण्णाच राहतील, पण त्यांच्या अधिकारपत्रावर धावपळ तुम्ही करू शकता.

आता मुदत, कारण लोकांची प्रकरणं इथेच बुडतात. लवादाच्या कायद्याच्या कलम १४ खालचा, म्हणजे पर्यावरणाच्या वादाचा अर्ज, कारण पहिल्यांदा घडल्यापासून ६ महिन्यांत, फार तर आणखी ६० दिवसांत करावा लागतो. आवाज रोज होतो म्हणून मुदत रोज नवी सुरू होते, हा युक्तिवाद 'पहिल्यांदा' या शब्दापुढे अवघड जातो. तुमची ती मुदत गेली. कलम १५ मात्र शिल्लक आहे. त्यात नुकसानभरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्याची मागणी ५ वर्षांपर्यंत करता येते. फी मागितलेल्या भरपाईच्या १ टक्का, किमान १,००० रुपये. म्हणून रागाच्या भरात पन्नास लाख लिहू नका.

पवनचक्की बंद होईल का? बहुतेक नाही, आणि हे तुम्हाला आजच सांगितलेलं बरं. दिवाणी कोर्टात तर २०१८ पासून दारच अरुंद झालंय. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम ४१ मध्ये भर घालून, पायाभूत प्रकल्पाला अडथळा येईल असा मनाई हुकूम देऊ नये असं ठरवलं आणि त्या यादीत वीजनिर्मिती आहे. मिळण्यासारखं आहे ते वेगळं. रात्री १० ते सकाळी ६ चक्की कमी आवाजाच्या पद्धतीवर चालवणं. आधुनिक चक्क्यांमध्ये पात्यांचा कोन बदलून आवाज उतरवण्याची सोय असते, वीज थोडी कमी होते इतकंच. त्याच्या जोडीला भरपाई. मागणी अशी ठेवली की 'हरित ऊर्जेच्या विरोधात आहात का' या प्रश्नाला उत्तर देत बसावं लागत नाही.

तुमच्या पत्रातला हृदयाचा मुद्दा मी अर्जातून काढून टाकेन. कमी वारंवारतेच्या लहरींमुळे हृदयरोग होतो हे सिद्ध करायला गेलात तर कंपनीचा वकील ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेचं २०१५ चं निवेदन काढेल : पवनचक्क्यांनी आरोग्य बिघडतं याचा सुसंगत पुरावा नाही. ते खरंच आहे. पण त्याच वर्षी कॅनडातल्या तज्ज्ञ समितीने म्हटलं की या आवाजाने त्रास, चिडचिड होते याला पुरेसा पुरावा आहे आणि झोपमोडीला मर्यादित. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये पवनचक्कीचा आवाज दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून सरासरी ४५ डेसिबलच्या खाली ठेवण्याची शिफारस केली. तीही सशर्त, आणि रात्रीचा वेगळा आकडा पुराव्याअभावी दिलाच नाही. म्हणजे आजार सिद्ध करायला गेलात तर फसाल. तुमची केस झोपेवर, डेसिबलवर आणि अंतरावर उभी राहते.

सगळ्यात पक्कं अंतर. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये जमिनीवरच्या पवन प्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. आवाज टाळण्यासाठी कोणत्याही राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत चक्की उभारू नये, असं त्यात स्पष्ट आहे. तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे, हे कंपनी म्हणेलच. पण ५०० ऐवजी ३५० का, याचं उत्तर तिला द्यावं लागेल. तेव्हा मोजणी आत्ताच करून घ्या. अंदाज नको, भूमी अभिलेखची नाहीतर परवानाधारक सर्व्हेअरची सही असलेला नकाशा पाहिजे. घर चक्कीच्या आधीचं आहे हे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या जुन्या पावत्यांनी दाखवा. जुनी वीजबिलं असतील तर तीही. ग्रामपंचायतीने कंपनीला दिलेला ना-हरकत दाखला आणि प्रकल्पाचा मंजूर नकाशा माहितीच्या अधिकारात मागवा. पवन ऊर्जा प्रदूषण मंडळाच्या २०१६ च्या 'पांढऱ्या', म्हणजे सर्वांत कमी प्रदूषणाच्या, वर्गात येते, तिला पर्यावरण मंजुरीही लागत नाही, त्यामुळे मंडळाच्या संमतीपत्रात आवाजाची अट सापडेल ही आशा सोडा.

डेसिबलचं गणित नीट समजून घ्या. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५. पण नियम ७ खाली जिल्हाधिकारी किंवा पोलिसांकडे तक्रार करायची तर मर्यादेच्या १० डेसिबल वर आवाज लागतो. साडेतीनशे मीटरवर एका चक्कीचा आवाज पंचेचाळीसच्या आसपास येण्याची शक्यता जास्त, पंचावन्नच्या वर येणं कठीण. 'तक्रार बसतच नाही' असं सांगून तुम्हाला परत पाठवतील. तुम्ही नियम ४ वर बोट ठेवायचं : आवाज मर्यादेपेक्षा जास्त नसावा. ४७ भरले तरी उल्लंघन ते उल्लंघनच. शेतातली वस्ती 'निवासी क्षेत्र' कशी, हा वादही येईल. त्याचीही तयारी ठेवावी लागेल.

मोजमाप कधी होतं यावर निम्मी केस आहे. मंडळाचे लोक सकाळी अकराला येतील, वारा वाहत असेल, ट्रॅक्टर चालू असेल आणि काहीच वेगळं दिसणार नाही. रात्री परिस्थिती उलटी असते. खाली झाडाचं पान हलत नाही, वर पात्याच्या उंचीवर मात्र वारा जोरात असतो. आजूबाजूला शांतता असल्याने तोच आवाज ठळक होतो. तीन पात्यांची चक्की मिनिटाला १५ फेरे घेत असेल तर ४५ वेळा 'हुफ्फ' येतं, आणि तो चढउतार झोपेला सलग घरघरीपेक्षा जास्त खुपतो. म्हणून रात्री ११ नंतर, आईच्या खोलीच्या खिडकीबाहेर, आणि शक्य झालं तर एकदा चक्की थांबलेली असताना, असं मोजमाप लेखी अर्ज करून मागा. नाकारलं तर ते नाकारणंही आपल्या कामाचं. मोबाइलवरच्या अ‍ॅपचे आकडे तुमच्या माहितीसाठी ठीक, पुरावा म्हणून टिकणार नाहीत.

आईंना एक काम द्या. दुधाचा हिशेब ज्या कॅलेंडरवर लिहितात त्याच चौकोनात रात्री किती वाजता जाग आली आणि चक्की फिरत होती की बंद, एवढं लिहायचं. कंपनीकडे त्या चक्कीच्या वेगाची नोंद संगणकात असते. ती हजर करा असा आदेश आपण लवादाकडे मागू आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवू. ज्या रात्री चक्की बंद होती त्याही लिहिल्या पाहिजेत, नाहीतर वही बनवल्यासारखी वाटते. डॉक्टरांकडून 'पवनचक्कीमुळे आजार' असं लिहून घेऊ नका. बीपीचे आकडे, गोळीचा डोस कधी वाढला, झोपेची तक्रार कोणत्या तारखेला सांगितली, इतकंच हवं. नागपूरच्या महिन्यातले कागद जपून ठेवा. अर्थात 'लेकीकडे होत्या म्हणून झोप लागली' हे ऐकायची तयारी ठेवा. मी त्या बाजूने असतो तर मीही तेच म्हणालो असतो.

राहिला बाँडपेपर. रस्त्यासाठी दिलेली संमती रस्त्यापुरतीच. कायद्याने घातलेली आवाजाची मर्यादा मोडायला आगाऊ मान्यता दिली असा त्याचा अर्थ काढला, तर बेकायदा हेतूचा करार रद्दबातल ठरवणारं, कराराच्या कायद्याचं कलम २३ आडवं येतं. शिवाय जवळपासच्या दुसऱ्या वस्तीवरचे लोक अर्जदार झाले तर त्यांनी कुठे सही केली आहे? शोधा कोणी तयार होतंय का. एकट्या घरापेक्षा तिघांच्या अर्जाचं वजन वेगळं असतं. शेजाऱ्याशी भांडण मात्र घेऊ नका. जमीन त्याची असली तरी चक्की कंपनी चालवते, आणि उद्या वहिवाटीच्या बांधावरून दुसरी केस उभी राहील.

अण्णांकडे कंपनीचा माणूस 'दुरुस्तीचा करार' म्हणून नवा कागद घेऊन येण्याची शक्यता आहे. सही करण्याआधी त्याचा फोटो मला पाठवा.