हप्ता झेपतो, पण कर्ज झेपतं का?

प्रश्न : नवऱ्याचं काम सुटल्यावर फायनान्सकडून ५०,००० रुपये घेतले. दर १८ टक्के, मुदत दोन वर्षं, हप्ता २,८३३. शिवाय बाजारातल्या रोजवसुलीवाल्याचे दहा हजार आणि दोन गटलोन आहेत. हप्ते भागवायला आणखी एक कर्ज मिळतंय. घ्यावं का? आणि आधी कोणाचं फेडावं?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, आणखी कर्ज घेऊ नका. आधी वहीत प्रत्येक कर्जासमोर तीन आकडे लिहा : हातात किती आले, एकूण किती परत द्यायचे, आजवर किती दिले.

तुमचे १८ टक्के हे ‘फ्लॅट’ आहेत. मुद्दल दरमहा कमी होत जातं, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण पन्नास हजारांवरच लावलेलं आहे. दोन वर्षांत ६८,००० जाणार. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हा दर साडेएकतीस टक्क्यांच्या आसपास निघतो. प्रोसेसिंग फी ३ टक्के आणि तिच्यावरचा जीएसटी आधीच कापला असेल, तर हातात ४८,२३० च आले आणि खरा दर ३५ टक्क्यांच्या पुढे गेला. कर्ज देताना सगळा खर्च धरून वार्षिक दर सांगणारं ‘मुख्य तथ्य विवरण’ देणं रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना बंधनकारक केलं आहे. तो कागद मागून घ्या.

रोजवसुलीवाला सहसा दहा हजारांतले हजार आधीच कापतो आणि शंभर दिवस रोज शंभर रुपये नेतो. ‘शेकडा दहाच’ असं तो म्हणतो, पण वर्षाचा दर ७७ टक्क्यांच्या घरात जातो. जवळची कोणतीही जादा रक्कम आधी इथे टाका. घरात थोडं सोनं असेल तर बँकेत तारण ठेवून हे एक कर्ज मिटवणं परवडतं; मात्र त्याच दिवशी ‘पूर्ण फेड’ असं लिहून, सही घेऊन रोजवसुलीचं कार्ड परत घ्या.

पण सगळ्यात आधी रेशन, घरभाडं, वीजबिल, मुलांची फी. हे चुकवून हप्ता भरणारं घर पुढच्या महिन्यात पुन्हा उसनवारीला लागतं. फायनान्सचा हप्ता जमणार नाही असं दिसलं तर तारखेच्या आधीच लेखी अर्ज द्या : काम कधी सुटलं, आता उत्पन्न किती, किती हप्ता झेपेल, मुदत किती वाढवून हवी. पोच घ्या. हप्ता बाउन्स झाल्यावर गेलात तर तुमची बँक आणि फायनान्स दोघंही शुल्क लावून बसलेले असतात.

गटलोनचं : वर्षाचं घरचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल, तर कर्ज देताना सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत राहतील हे संस्थेने पाहायचं असतं. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही. शिवीगाळ करणं, थकबाकीदारांची नावं जाहीर करणं हेही नियमाबाहेरचं आहे. संस्थेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी फोन १४४४८.

प्रश्न : सावकाराकडून महिना पाच टक्क्यांनी दोन लाख घेतले. त्याने जमिनीचं खरेदीखत करून घेतलं, कोरा चेकही घेतला. आता जमीन सोडत नाही.
— एक शेतकरी, जि. बीड

उत्तर : पाच टक्के महिना म्हणजे वर्षाला साठ. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांपलीकडे दर लावता येत नाही. परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

अर्ज जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करा. तालुक्याला सहायक निबंधकांचं कार्यालय असतं. व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला हवा. खरेदीखत सावकारीपोटी झालं असं चौकशीत ठरलं, तर ते रद्द ठरवून जमीन परत देण्याचा आदेश निघू शकतो.

ही प्रकरणं पडतात ती पुराव्यावर. ‘उसने घेतले होते’ एवढं तोंडी सांगून भागत नाही. खरेदीखतातली किंमत आणि त्या वर्षीचा सरकारी दर यांतली तफावत दाखवा. खरेदीनंतरही पीक तुम्हीच काढत असाल तर पीकपाहणीची नोंद जोडा. व्याज फोनवरून किंवा बँकेतून दिलं असेल तर खातेउतारा काढा. त्याच सावकाराने इतरांकडूनही अशीच खतं करून घेतली असतील तर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्यांच्या नकला मिळतात, आणि त्यांचं वजन फार पडतं. यापुढे एक रुपयाही रोख देऊ नका.

चेकचं दुखणं वेगळं. तो वटला नाही तर सावकाराला तीस दिवसांत तुमच्या नावे नोटीस पाठवावी लागते आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवस तुमचे असतात. नोटीस घ्यायचं टाळू नका. त्याच मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न : मोबाइल ॲपवरून ५,००० घेतले, हातात ३,००० आले. सात दिवसांतच नातेवाइकांना घाणेरडे मेसेज जाऊ लागले.
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : एका ॲपचं फेडायला दुसरं ॲप उघडू नका, माणसं तिथेच बुडतात. मेसेज, नंबर आणि पैसे मागितलेला यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट आधी काढा. ॲप नंतर उडवा. यूपीआयमधलं ऑटोपे रद्द करा. १९३० वर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. नातेवाइकांना तुम्हीच आधी सांगा; धमकीतला निम्मा जोर तिथेच जातो. नोंदणीकृत कंपनीच्या ॲपलाही फोनमधले संपर्क आणि फोटो वाचायची परवानगी नाही.

प्रश्न : मित्राला जामीन राहिलो. तो गावात नाही, नोटीस मला आली.
— एक वाचक, सांगली

उत्तर : कायद्याने तुमची जबाबदारी त्याच्याइतकीच आहे, ‘आधी त्याच्याकडून वसूल करा’ असं म्हणून सुटता येत नाही. कर्जखात्याचा उतारा मागा, दंड आणि व्याज तपासा, एकरकमी तडजोडीचं लेखी विचारा. पैसे भराल ते स्वतःच्या खात्यातून आणि पावती स्वतःच्या नावाने घ्या. तुम्ही भरलेली रक्कम मित्राकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे, आणि तो दावा त्याच पावतीवर उभा राहतो.