लेखिका व्हायचंय, म्हणून इंग्लंड?

प्रश्न : माझी मुलगी टी.वाय.बी.ए.ला आहे, कथा लिहिते. मोठे लेखक तरुणपणी परदेशात राहून आले, मलाही जायचंय, असं म्हणते. इंग्लंडमध्ये सर्जनशील लेखनाचं एक वर्षाचं एम.ए. करायचा हट्ट आहे. घर तारण ठेवून कर्ज काढावं का? तिची एक कथा सोबत जोडली आहे. – एक आई, मिरज

उत्तर : ताई, घर तारण ठेवू नका, हे आधीच सांगून टाकते. पण मुलगी म्हणते त्यात तथ्य आहे.

रवींद्रनाथ टागोरांना १८७८ मध्ये, सतरा वर्षांचे असताना, बॅरिस्टर व्हायला विलायतेला धाडलं. इंग्रजी बोलायचा सराव व्हावा म्हणून आधी मुंबईत आत्माराम पांडुरंग तर्खडकरांकडे ठेवलं. शिकवायला त्यांची विलायतेहून आलेली कन्या अन्नपूर्णा. म्हणजे पहिला 'परदेश' एका मराठी घरातच! पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बसले, पण १८८० मध्ये वडिलांनी बोलावलं आणि पदवीविनाच परतले. बॅरिस्टरीच्या हिशेबाने पैसे बुडाले. पण तिकडच्या चाली कानात राहिल्या होत्या. त्यांतल्या काही १८८१ च्या 'वाल्मीकि प्रतिभा' या संगीतनाटकात उतरल्या. मला त्याहून मोलाची वाटतात ती त्यांनी तिथून पाठवलेली, 'भारती' मासिकात आलेली पत्रं. छापील बंगाली तेव्हा भारदस्त असे. ही पत्रं सरळ बोलीत आहेत. (त्यांतल्या पोरकट आगाऊपणाची त्यांना पुढे लाज वाटली, ते सोडा.) आपले मर्ढेकरही १९२९ मध्ये आय.सी.एस.साठी गेले होते. ते जमलं नाही, कविता जमली.

मुलीची कथा वाचली. त्यातला लंडनचा बर्फ वेब सिरीजमधला आहे. पण मिरज स्टँडवर आजी पत्र्याच्या डबीतून सुटे पैसे मोजते आणि कंडक्टर काही न बोलता थांबून राहतो, तो परिच्छेद अस्सल तिचा. तो ती मिरजेतच शिकली.

तेव्हा परीक्षा झाली की तिला दोन-तीन महिने मराठी चालत नाही अशा गावी राहू द्या. कोलकाता, कोची, कुठेही. छोटं काम धरून. अट एकच : आठवड्याला तुम्हाला एक पत्र, मराठीत, हाताने लिहिलेलं. व्हॉट्सॲप चालणार नाही. जोडीला जर्मन सुरू करू दे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते. राहण्याखाण्याची रक्कम मात्र आधी खात्यात दाखवावी लागते. एम.ए. तिथे साहित्याचं करता येईल, आणि अनुवादाचं काम हाताशी राहील.

पत्रं आली की त्यातली दोन मला पाठवा. कर्जाचं त्यानंतर बोलू.