बुद्धिबळात काळ्याकडून इंडियन डिफेन्स: नवीन भिडूसाठी

अरे रविवारी पहिल्यांदाच बडोद्यात टूर्नामेंट खेळतोयस ना, मग घाबरू नकोस, काळी मोहरी आली म्हणून रडायचं नाही. पांढऱ्याने डी४ केलं की घोडा एफ६, मग जी६, उंट जी७, डी६, कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल). नुसतं घराचं नाव असेल तिथे प्यादं समज. सध्या एवढंच. ग्रुनफेल्ड, बेनोनी वगैरे दुसरे डिफेन्स नंतर बघू.

नवीन लोक कुठे फसतात सांगतो:
- पांढऱ्याला मधे प्यादी मांडू देतात आणि मग नुसते बघत बसतात. कॅसलिंग झालं की ई५ किंवा सी५ करून त्या प्याद्यांना धक्का द्यायचाच, नाहीतर गुदमरशील, मी वर्षभर असाच हरलो.
- जी७चा उंट फुकट बदलून टाकतात. राजाचा पहारेकरी आहे तो.
- ई४ दिसलं तरी डी६ लांबवतात, मग पांढरा ई५ ढकलून तुझा घोडा हाकलतो.

१९५६चा डोनाल्ड बर्न-बॉबी फिशर डाव नक्की लावून बघ, १३ वर्षांच्या फिशरने काळ्याकडून १७व्या चालीला वजीर सोडला आणि जिंकला (तू नको सोडूस हं, इतक्यात तरी).

आणि हात लावलेलं मोहरं चालवावंच लागतं, म्हणून आधी विचार, मग हात. डाव संपला की दांडिया बाजारात ये, स्कोअरशीट (चाली लिहिलेला कागद) घेऊन, चहा पीत बघू.